ॲमेझॉनची स्पर्धा तुमच्याशी आहे, आयुक्तसाहेब

प्रति,
मा. आयुक्त,
छत्रपती संभाजीनगर महापालिका.



दर दिवाळीला आपल्या शहरात एक आवाहन निघतं: ऑनलाइन नको, आपल्या बाजारातून घ्या. बॅनर लागतात, पेपरात बातमी येते, व्हॉट्सॲपवर पणत्या विकणाऱ्या आजीचा फोटो फिरतो. तो फोटो पुढं पाठवणाऱ्याच्या दारात त्याच संध्याकाळी पार्सल येऊन पडतं. मी कुणाला नावं ठेवत नाही, आमच्याही दारात पडतं. त्या आवाहनाबद्दल माझी तक्रार एवढीच, की ते चुकीच्या पत्त्यावर जातं. सगळे ग्राहकाला समजावतात, तुम्हाला कुणी काही विचारत नाही. म्हणून हे पत्र.

हे शहर किती मागवतं ते बघायचं असेल, तर सिडकोतल्या कुठल्याही अपार्टमेंटमध्ये दुपारी चारच्या सुमाराला वॉचमनच्या टेबलाशी उभं राहा. तपकिरी खोकी, प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांवर मार्करनं लिहिलेले फ्लॅट नंबर. आत आजोबांचे डायपर असतात, कॉलेजातल्या पोरीचे बूट, मिक्सरचं भांडं, टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह, टीव्ही सेंटरजवळ खोली करून एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोराची पुस्तकं. वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करणारा माणूस रात्री बसमध्ये बसल्या बसल्या मागवतो. बाजारात मागायला लाज वाटते अशा वस्तू बायका निवांतपणे मागवतात, आणि त्यांना मी तरी दोष देणार नाही. शेणाच्या गोवऱ्यासुद्धा तिथं मिळतात. मराठवाड्यात बसून गोवऱ्या ऑनलाइन मागवायच्या, ही वेळ येईल असं आमच्या आज्यांना वाटलं नसतं.

आणि हे फक्त शहरापुरतं नाही. कन्नड, फुलंब्री, खुलताबादचा माणूस सकाळच्या एसटीनं यायचा, गुलमंडी, सराफा, औरंगपुरा करायचा, कुठंतरी मिसळ खायचा आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. गुलमंडी त्याच्या जिवावर उभी होती, नुसत्या शहराच्या नव्हे. आज त्याच्या गावात पार्सल पोचतं. तो आता शहरात येतो दवाखान्यासाठी, कोर्टासाठी आणि लग्नाचा बस्ता बांधायला. बस्ता अजून फोनवर बांधता येत नाही. वधूची मावशी, वराची आत्या आणि दोन्हीकडची माणसं साडीचा पदर उलगडून बघितल्याशिवाय 'हो' म्हणत नाहीत, हे गुलमंडीचं सध्याचं भाग्य.

ॲमेझॉननं भारतात दुकान मांडलं ते 5 जून 2013 रोजी, आणि सुरुवात केली पुस्तकं आणि चित्रपटांपासून. फ्लिपकार्ट त्याच्या आधी, 2007 साली, पुस्तकांवरच उभी राहिली होती. तेव्हा औरंगपुऱ्यातल्या पुस्तकवाल्यांना वाटलं असेल, की हा आपल्याच ओळीतला आणखी एक. दहा वर्षांत त्या ओळीच्या मागच्या सगळ्या गल्ल्या त्यानं आपल्याकडे वळवल्या. इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. जी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही ती अशी, की कायद्याच्या नजरेत ॲमेझॉन दुकानदार नाहीच. आपल्याकडच्या विदेशी गुंतवणुकीच्या नियमांप्रमाणे अशा कंपनीला स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. तिनं फक्त बाजार चालवायचा. माल दुसऱ्या विक्रेत्यांचा. कंपनी त्यांना जागा देते, माल साठवायला गोदाम देते, पोचवायला माणूस देते, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकते, पैसे फिरवते, आणि या सगळ्याचं शुल्क घेते.

म्हणजे काय, साहेब? म्हणजे ती मंडई चालवते. गाळा, वाट, दिवा, तक्रारीची खिडकी आणि गाळेभाडं. शहरात हे काम कुणाचं? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 सालचा. त्याच्या कलम 63 मध्ये महापालिकेनं केलीच पाहिजेत अशी कामं सांगितली आहेत, आणि त्यात सार्वजनिक बाजार बांधणं आणि सांभाळणं हे आहे. गुलमंडीतला भांडेवाला ॲमेझॉनचा स्पर्धक नाही. तो तिथंही गाळा घेऊ शकतो, काहींनी घेतलाही आहे. स्पर्धा आहे दोन बाजारमालकांची. एक मालक सिअॅटलमध्ये बसतो, दुसऱ्याचं कार्यालय टाउन हॉलजवळ आहे. आणि दुसऱ्या मालकाला आपण स्पर्धेत आहोत याची वार्ताच नाही.

औरंगपुऱ्याची भाजी मंडई घ्या. तिथं नवं संकुल बांधायचा बीओटीचा प्रकल्प निघाला आणि वर्षानुवर्षं रखडला. भाजीवाले रस्त्यावर आले, रस्ता अरुंद झाला, गिऱ्हाईक भाजीच्या पाट्या आणि दुचाक्या यांच्यामधून अंग चोरून चालायला लागलं. दुसरीकडं त्याच काळात खाजगी मंडईनं पिनकोड टाकला की परवाची तारीख सांगायची सोय करून दिली. आपल्या शहराच्या नावावरून किती वादंग झाले, 431001 ला मात्र काहीच फरक पडला नाही. पार्सल येतच राहिलं.

आता पाण्याचं बोलते. पाण्याचा आणि ऑनलाइन खरेदीचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. घरातल्या बाईला विचारा. गेली कित्येक वर्षं या शहरात कुठं चार, कुठं सहा, कुठं आठ दिवसांआड पाणी येत आलं आहे. जायकवाडीसारखा जलाशय एका तासाच्या अंतरावर; 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आमच्यासाठीच बनवली असावी. 12 डिसेंबर 2020 रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते 1680 कोटींच्या योजनेचं भूमिपूजन झालं. पुढं खर्चाचा आकडा 2740 कोटींवर गेला. ज्या शहरात सतराव्या शतकात मलिक अंबरनं जमिनीखालून नहर आणली, त्या शहराची ही गत, हे सांगून सांगून आम्हीच आता कंटाळलो. सांगायचं ते वेगळंच. पाण्याच्या दिवशी घर सोडता येत नाही. पाणी दुपारी येईल, रात्री अकराला येईल, पहाटे दोनला येईल. मोटर लावायची, ड्रम भरायचे, टाकी वाहू द्यायची नाही. लाइनमनला फोन केला तर तो म्हणतो, 'ताई, टाकीत लेव्हल आली की सोडतो.' अशा दिवशी कोण गुलमंडीला जाईल? बाई टाकीजवळ स्टूल टाकून बसते आणि फोनवर बघत बसते. बसल्या जागी काय काय मागवलं जातं? टाकीचा व्हॉल्व्ह, मोटरचा स्विच, ड्रमची झाकणं, फिल्टरची कँडल. पार्सल कुठवर आलं ते फोनवर दिसतं. पाणी कुठवर आलं ते दिसत नाही.

लोकांना माल स्वस्त पडतो म्हणून ते तिकडं जातात, हे अर्धंच खरं आहे. पैठणगेटहून गुलमंडीपर्यंतचा रस्ता आठवा. फूटपाथ दुकानांनी खाल्ला, दुकानांपुढची जागा दुचाक्यांनी खाल्ली, उरलेल्या पट्टीतून रिक्षा, हातगाडी आणि म्हातारी माणसं. बारापुल्ला दरवाजात समोरासमोर दोन गाड्या आल्या की दोन्ही बाजूंना रांग. खरेदीला आलेल्या बाईनं लघवीला कुठं जावं, हा प्रश्न अख्ख्या जुन्या शहरात विचारून बघा. मग माणूस हिशोब करतो. रिक्षाचं भाडं, दोन तास, पार्किंगची कटकट, उन्हाळ्यात डोकं फुटायची वेळ. त्यापेक्षा चाळीस रुपये जास्त गेले तरी घरपोच बरं.

आणि तरीही त्या गल्ल्यांत जे मिळतं ते पडद्यावर मिळत नाही. मागं कुकरची रिंग आणायला गुलमंडीत गेले होते. जुनी रिंग पिशवीतून काढून दुकानदाराच्या हातात दिली. त्यानं ती दोन बोटांत ताणली, उलटी केली, कडेला नख लावून बघितलं आणि विचारलं, 'झाकण आत बसतं का वरून?' मग, 'पाच लिटरचा ना? शिट्टी वर येते पण वाफ कडेनं जाते, बरोबर?' खिळ्यावर टांगलेल्या शे-दीडशे रिंगांतून त्यानं न बघता एक काढली. वर सांगितलं, 'रिंगेचं काही नाही हो, तुम्ही गरम असतानाच झाकण ओढता.' फोनवर तीच रिंग मागवायची तर कुकरच्या बुडावरचा मॉडेल नंबर वाचावा लागतो, आणि तो वीस वर्षांच्या घासणीनं कधीच पुसून गेलेला असतो. हा दुकानदार काही समाजसेवा करत नाही, धंदाच करतो. पण त्याच्याकडे जे ज्ञान आहे ते मिळवायला मला तुमच्या रस्त्यावरून जावं लागतं. तो रस्ता त्याच्या हातात नाही.

व्यापाऱ्यांची बाजू मी सगळी उचलून धरत नाही, हेही सांगते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आमच्या बाजारात देवाच्या फोटोशेजारी लावलेली असते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस धरले जातात. पाटी तरीही आहे. खाजगी मंडईनं कायद्याचं पुस्तक न दाखवता तीच गोष्ट एका बटणावर आणून ठेवली: 'परत करा'. पोरगा दारात येतो, माल घेऊन जातो, पैसे खात्यात येतात. लोकांना या एका बटणानं जेवढं ओढलं, तेवढं सवलतीच्या सेलनं ओढलं नसेल. बिल मागितलं की 'कच्चं चालेल का, जीएसटी लागेल मग' असं विचारणाऱ्यांनी ॲमेझॉनच्या नावानं बोटं मोडू नयेत.

पण तुमच्या खात्याचं काय? इथं मला जरा हिशोबात शिरू द्या, कारण माझ्या मते खरी गोम इथं आहे. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाके होते. शहरात येणाऱ्या मालावर महापालिकेला पैसे मिळायचे. नाक्यावर भ्रष्टाचार होता, ट्रकच्या रांगा होत्या, जकात गेली याचं कुणालाच दुःख नाही. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, 2015 च्या ऑगस्टपासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला. तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना भरपाईचं अनुदान देतं. त्याची रीत अशी: 2016-17 हे पायाभूत वर्ष, आणि त्यावर दरवर्षी 8 टक्के वाढ. गुलमंडीत गल्ला भरला काय, रिकामा राहिला काय, त्या अनुदानात एका रुपयाचा फरक पडत नाही. मोंढ्यात उलाढाल वाढली तरी तुम्हाला जास्त मिळत नाही, सगळं शहर ऑनलाइन गेलं तरी कमी मिळत नाही. मालमत्ता कर आहे, पण तो दुकान उघडं आहे की बंद हे बघून आकारला जात नाही.

नाक्याच्या काळात बाजाराची नाडी महापालिकेच्या हातात होती, कारण त्यात तिचा पैसा होता. आज बाजार तुमच्यासाठी निव्वळ डोकेदुखी: अतिक्रमण, कचरा, पार्किंग, भांडणं. म्हणून बाजाराकडं तुमचा माणूस येतो तेव्हा बुलडोझर घेऊन येतो. 2025 च्या जून-जुलैत मुकुंदवाडीपासून रस्ते मोकळे करण्याची जी मोहीम निघाली तिच्या बाजूनं आणि विरोधात बरंच लिहून झालं, मी त्यात भर घालत नाही. रस्ता मोकळा व्हायलाच हवा. पण मोकळ्या झालेल्या रस्त्याच्या कडेला ग्राहक कुठं उभा राहील, फेरीवाला कुठं बसेल, दुचाकी कुठं लागेल, हे बघायला नंतर कोण येतं? शिवाय 2020 च्या एप्रिलमध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर कारभार वर्षानुवर्षं प्रशासकाकडं राहिला. 'भाऊ, आमच्या गल्लीतला दिवा' असं कुणाला सांगायचं, तेच कळेनासं झालं. कंपनीच्या तक्रार खिडकीत निदान आधी यंत्र आणि मग माणूस बोलतो.

आम्ही राजकीय जोर कुठं लावतो तेही बघा. 2020 च्या शेवटी ॲमेझॉनच्या ॲपवर मराठी हवी म्हणून मनसेनं आंदोलन केलं, मुंबई-पुण्यात कंपनीच्या गोदामांची तोडफोड झाली, प्रकरण कोर्टात गेलं. 2021 च्या सप्टेंबरात ॲपवर मराठी आली. ती यायलाच हवी होती. पण त्या खाजगी मंडईत आपली भाषा चालावी म्हणून रस्त्यावर उतरणारे पक्ष, आपल्या मालकीच्या मंडईत नुसतं चालता यावं म्हणून कधी उतरलेले मी पाहिले नाहीत. गुलमंडीच्या फूटपाथसाठी अजून एकही काच फुटलेली नाही. फुटू नये, हेच बरं.

शहराला ऑनलाइन मागवण्याच्या या सवयीची काळी बाजूही एकदा दिसली आहे. 2018 च्या मे महिन्यात शहागंज, राजाबाजार भागात दंगल झाली, दुकानं जळाली, इंटरनेट बंद झालं. त्यानंतर काही दिवसांतच पोलिसांनी एका बड्या ऑनलाइन कंपनीचा माल वाटणाऱ्या केंद्रांवर धाड टाकून ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू जप्त केले. दुकानात कुणी तलवार मागितली असती तर दुकानदारानं आधी तोंडाकडं बघितलं असतं. पडद्यापलीकडं बघणारं कुणी नव्हतं. त्याच वर्षी नारेगावचा कचरा डेपो बंद पडून शहर कचऱ्याखाली गाडलं गेलं होतं, आणि आज शहराच्या कचऱ्यात पुठ्ठा आणि फुगवलेलं प्लास्टिक केवढं असतं ते तुमचे घंटागाडीवाले मला सांगतात. पुठ्ठा भंगारवाला उचलतो, प्लास्टिक तुमच्या गळ्यात.

दिल्लीत जे चाललं आहे ते चालू द्या. दिल्लीतल्या व्यापारी संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं 2020 च्या जानेवारीत ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी लावली. वाद हाच, की मंडईचा मालक आपल्या मर्जीतल्या विक्रेत्यांना मोक्याचा गाळा देतो का. 2024 च्या ऑगस्टमध्ये वाणिज्य मंत्री पीयूष गोयल यांनीही ऑनलाइन व्यापाराच्या वाढीचा वेग काळजीचा असल्याचं बोलून दाखवलं. तिथं काहीही निकाल लागला तरी गुलमंडीचा रस्ता रुंद होणार नाही. खाजगी मंडईचा नियम एका रात्रीत बदलतो, शुल्क वाढतं, विक्रेत्याचं खातं बंद होतं, आणि त्या मालकाला आपण मत देत नाही. म्हणूनच शेजारी एक सार्वजनिक बाजार धडधाकट असायला हवा. मला ॲमेझॉन बंद पडायला नको आहे. मला सोमवारी तिकडून आणि शनिवारी इकडून घेता यायला हवं आहे.

मागण्या फार नाहीत. पैठणगेट ते गुलमंडी ते सिटी चौक एवढ्या एका पट्ट्यावर सलग फूटपाथ करा आणि त्यावरून दुचाकी हटवायला एक माणूस कायमचा नेमा, आठवडाभराची मोहीम नको. त्या पट्ट्यात बायकांसाठी दोन स्वच्छतागृहं, ज्यांची किल्ली कुणाच्या घरी नसेल. 2019 च्या जानेवारीत सुरू झालेल्या 'माझी स्मार्ट बस'च्या ताफ्यातून शनिवार-रविवार क्रांती चौकाहून पैठणगेटपर्यंत सतत फिरणारी एक लहान फेरी, म्हणजे सिडको-गारखेड्याचा माणूस गाडी घरीच ठेवेल. पैठणगेटला बाजाराचा एक सामायिक काउंटर, जिथं दहा दुकानांतला माल एकत्र बांधून संध्याकाळी घरपोच जाईल आणि बिघडलेली वस्तू परत द्यायची असेल तर तिथंच देता येईल. मनुष्यबळ व्यापारी महासंघ देईल, जागा तुम्ही द्या. 'परत घेतला जाणार नाही'ची पाटी उतरवणाऱ्यालाच त्यात घ्या. रखडलेल्या मंडयांचं काय करणार, ते तारखेसकट जाहीर करा.

पैशाचं म्हणाल तर राज्याकडून येणाऱ्या जीएसटी भरपाईच्या अनुदानातला एक टक्का पुढच्या अंदाजपत्रकात 'बाजार' या नावाच्या वेगळ्या लेखाशीर्षाखाली दाखवा, आणि वर्षअखेरीस तो कुठं खर्च झाला हे पेपरात छापा. तो आकडा बघायला मी आणि माझ्यासारखे बरेच जण थांबून आहोत.

आपली,
गारखेडा परिसरातली एक करदाती ग्राहक